‘डॉन्टिंग’ काम असतं, ‘इंटिमिडेटिंग’ माणूस

डिक्शनरीत दोन्ही शब्दांपुढे ‘भीतिदायक’, ‘धास्ती वाटायला लावणारं’ असं काहीसं सापडतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. साप दिसल्यावर वाटते ती भीती या दोन्हींत नाही. एका शब्दात ‘हे आपल्याला झेपेल का?’ अशी धास्ती आहे, तर दुसऱ्यात ‘यांच्यापुढे आपण कोण?’ अशी. पहिला शब्द डॉन्टिंग, दुसरा इंटिमिडेटिंग.

900 पानांचा अहवाल तीन आठवड्यांत वाचून संपवायचाय. पानं पाहूनच छाती दडपते. अहवालाला इंग्रजीत ‘डॉन्टिंग’ म्हणतील. तो अहवाल ज्यांच्यापुढे मांडायचा, ते चार वरिष्ठ टेबलापलीकडे हाताची घडी घालून बसलेत, कुणी हसत नाही, आणि तुम्ही बोलायला लागलात की एकजण चष्म्यावरून बघतो. ते ‘इंटिमिडेटिंग’. क्रिकेटमध्येही तेच: शेवटच्या डावात 400 धावा करायच्या असतील तर लक्ष्य डॉन्टिंग, आणि छातीच्या उंचीवर चेंडू उसळवून डोळे रोखून बघणारा गोलंदाज इंटिमिडेटिंग. धावफलक डोळे वटारत नाही.

म्हणून डॉन्टिंगच्या पुढे ठरावीक नामं येतात: टास्क, चॅलेंज, प्रॉस्पेक्ट, नंबर, लिस्ट. इंटिमिडेटिंगपुढे प्रेझेन्स, लुक, मॅनर, ॲटमॉस्फिअर. डॉन्टिंग माणसाला चालतच नाही असं नाही. ‘अ डॉन्टिंग अपोनंट’ म्हणतात, पण तिथेही रोख त्याला हरवण्याच्या कामावर असतो. ‘माय बॉस इज डॉन्टिंग’ मात्र कानाला खटकतं.

शंका आली तर उपाय काय, ते विचारा. डॉन्टिंग गोष्टीचे तुकडे केले की ती आटोक्यात येते. 900 पानं 21 दिवसांवर वाटली तर रोज साधारण 43 पडतात, आणि काम ‘लेस डॉन्टिंग’ होतं. इंटिमिडेटिंग माणसाचे तुकडे करता येत नाहीत. तिथे ओळख वाढली, दोन वाक्यं बोलून झाली की दडपण उतरतं.

काही ठिकाणी दोन्ही शब्द बसतात, अर्थ मात्र हलतो. मोठं ग्रंथालय डॉन्टिंग म्हटलं तर ‘एवढं वाचून कधी होणार’ हा भाव. तेच इंटिमिडेटिंग म्हटलं तर उंच छत, पिनड्रॉप शांतता, सराईत वाचक आणि ‘आपण इथे शोभतो का’ अशी बुजरी भावना. दोन्ही वाक्यं बरोबर. तुम्हाला काय म्हणायचंय ते आधी ठरवा.

मुळातही हे दोन शब्द वेगळे आहेत. ‘डॉन्ट’ जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्यामागे लॅटिनचा ‘माणसाळवणं, काबूत आणणं’ या अर्थाचा धातू आहे. ‘इन्डॉमिटेबल’, म्हणजे काबूत न येणारा, त्याच कुळातला. म्हणून ‘अनडॉन्टेड’ म्हणजे अवसान न गळलेला. इंटिमिडेटच्या पोटात ‘टिमिड’, म्हणजे भित्रा, सरळ दिसतो: समोरच्याला भित्रा करून टाकणं. त्यामुळे या क्रियापदात हेतूचा वास असतो. ‘दे इंटिमिडेटेड द विटनेस’ म्हणजे साक्षीदाराला धमकावलं. क्रिकेटच्या 1980 च्या नियमावलीत आखूड टप्प्याच्या वेगवान माऱ्याबद्दल हेच क्रियापद होतं: फलंदाजाला घाबरवण्याचा प्रयत्न आहे असं पंचाला वाटलं, तर तो मारा गैर.

विशेषणात हेतू असेलच असं नाही. उंची, भारदस्त आवाज, कमी बोलणं एवढ्यानेही माणूस इंटिमिडेटिंग वाटतो, यात त्याचा दोष काय? पण लेखी तक्रारीत जपून. ‘आय फाइंड हिम अ बिट इंटिमिडेटिंग’ ही तुमची भावना. ‘हिज बिहेवियर वॉज इंटिमिडेटिंग’ हा थेट आरोप म्हणून वाचला जाऊ शकतो. दरारा आहे, पण आदरासकट, असं सांगायचं असेल तर ‘फॉर्मिडेबल’ वापरा.

सगळ्यात जास्त चुकतो तो शब्दाचा शेवट, ‘-इंग’ की ‘-एड’. मुलाखतीहून आल्यावर ‘आय वॉज सो इंटिमिडेटिंग’ म्हटलं तर अर्थ होतो, मीच सगळ्यांना घाबरवून आलो. दडपण तुमच्यावर आलं असेल तर ‘इंटिमिडेटेड’, आणि पुढे ‘बाय’. ‘आय फेल्ट डॉन्टेड’ चुकीचं नाही, पण रोजच्या बोलण्यात ‘आय फाउंड इट डॉन्टिंग’ जास्त सहज येतं. डॉन्टिंगचा उच्चार ‘डाउन्टिंग’ करू नका, ‘डॉन्ट’ हा ‘हॉन्ट’शी जुळतो, इंटिमिडेटमध्ये जोर ‘टि’वर द्या.

आणि ऑफिसच्या ईमेलमधला तो एक घसरडा कोपरा. ‘इंटिमेट’ हे क्रियापद ‘कळवणे’ या अर्थाने सर्रास लिहिलं जातं. घाईत त्याच्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं जास्त पडून ‘इंटिमिडेट’ झालं, की ‘पार्सल आल्यावर कृपया मला कळवा’चं ‘कृपया मला धमकवा’ होतं. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे स्पेलचेक लाल रेघ ओढत नाही. तिथे सरळ ‘लेट मी नो’ लिहा.