पार्श्वभूमी : पृथ्वीवरच्या सर्वांत मुबलक खनिजाला नाव उशिरा का मिळालं?

वेताळ टेकडीवरचा काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा बनला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रावरणातला, म्हणजे कवच आणि गाभा यांच्या मधल्या जाड थरातला, खडक वितळून वर आला. पण तो प्रावरणाच्या वरच्या भागातला होता. ही नोंद ज्या खनिजाची आहे ते ब्रिजमनाइट ६६० किलोमीटरच्या खाली असतं, म्हणजे पुण्याहून नागपूर जेवढं लांब जवळपास तेवढं खोल. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेलं बोअर ३ किलोमीटरचं आहे, त्यावरून अंदाज यावा.

भूकंपलहरींचा वेग ४१० आणि ६६० किलोमीटरवर एकदम वाढतो, हे बऱ्याच आधीपासून माहीत होतं. तिथे खडकाचे घटक बदलतात की तेच घटक घट्ट रचले जातात, हा वाद होता. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना चिमटून दाबायची युक्ती १९५८ मध्ये निघाली आणि उत्तर प्रयोगशाळेत मिळू लागलं. हिरा पारदर्शक असल्याने दाबलेला नमुना लेसरने तापवता येतो आणि त्यातून क्ष-किरणही सोडता येतात. आपल्या बेसाल्टमध्येही सापडणारं हिरवट ऑलिव्हिन सुमारे १४ गिगापास्कलला (एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट) वॅड्सलेआइट हे जास्त घट्ट रचनेचं खनिज होतं, आणखी खाली त्याहून घट्ट रिंगवूडाइट. २३-२४ गिगापास्कलच्या आसपास तेही फुटून दोन खनिजं बनतात. तोवर चार ऑक्सिजन अणूंच्या मध्ये बसलेला सिलिकॉन आता सहांच्या मध्ये बसतो. रासायनिक घटक तेच राहतात, बदलते ती रचना.

त्या दोहोंतलं मुख्य खनिज म्हणजे मॅग्नेशियम सिलिकेट. पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे ३८ टक्के भाग त्याचा. प्रयोगशाळेत ते १९७० च्या दशकाच्या मध्यात तयार झालं, तरी २०१४ पर्यंत त्याला अधिकृत नाव नव्हतं. नियमाप्रमाणे निसर्गातला नमुना सापडून त्याची रचना आणि घटक मोजले गेल्याशिवाय खनिजाला नाव देता येत नाही. मधल्या काळात सगळे त्याला ‘पेरोव्हस्काइट’ म्हणत राहिले. पेरोव्हस्काइट हे मुळात १८३९ मध्ये उरल पर्वतातून वर्णन झालेल्या कॅल्शियम टायटनेटचं नाव. पुढे ते त्या अणुरचनेचं झालं, मग तशी रचना असलेल्या कशाचंही. आज पुण्यातल्या विद्यार्थ्याने हा शब्द शोधला तर आधी सौर घट समोर येतात.

हा नियम जाचक होता असं अनेकांना वाटतं. माझ्या मते तो योग्यच होता. प्रयोगशाळेत एखादं खनिज बनतं एवढ्यावरून ते निसर्गात आहे असं ठरत नाही. अडचण वेगळी होती. हे खनिज वर येताना दाब उतरला की टिकत नाही; हिऱ्यांच्या पोटात अडकून आलेले कणही बदललेले निघतात. शेवटी नमुना मिळाला तो १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या एका अशनीत. अवकाशातल्या टकरीत क्षणभर तेवढा दाब आला आणि खनिज लगेच गोठलं. त्याच्या खुणा १९९७ मध्येच दिसल्या होत्या, पण इलेक्ट्रॉनच्या झोताखाली त्याची रचना ढासळायची. २०१४ मध्ये क्ष-किरणांच्या बारीक झोताने मोजमाप पूर्ण झालं आणि ब्रिजमनाइट हे नाव मिळालं, उच्च दाबाच्या कामासाठी १९४६ चं नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञावरून. म्हणजे पृथ्वीतल्या सर्वांत मुबलक खनिजाचं नाव ठरलं ते पृथ्वीबाहेरून आलेल्या दगडावर.

२०१४ मध्येच ब्राझीलच्या एका हिऱ्यात रिंगवूडाइटचा कण सापडला. त्यात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी होतं, अर्थात स्फटिकात बांधलेलं. २०२१ मध्ये बोट्सवानाच्या हिऱ्यातून डेव्हमाओआइटची, म्हणजे खालच्या प्रावरणातल्या कॅल्शियम सिलिकेटची, नोंद झाली, पण पुढच्याच वर्षी त्या मोजमापावर आक्षेप आला. ब्रिजमनाइटच्याच गाभ्यालगतच्या, सुमारे १२५ गिगापास्कलच्या पुढच्या रूपाचं नाव तर आजही पोस्ट-पेरोव्हस्काइट असंच चालतं; ते २००४ मध्ये प्रयोगशाळेत सापडलं.

महाराष्ट्रात मात्र या कथेतला जो भाग क्वचितच सांगितला जातो तो आपल्याच काटोलचा. नागपूर जिल्ह्यात २२ मे २०१२ रोजी तिथे पडलेल्या अशनीच्या, टकरीत वितळून गोठलेल्या शिरांमध्ये ब्रिजमनाइट सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात लोहाबरोबर ॲल्युमिनियमही आहे, आणि खालच्या प्रावरणाच्या वरच्या थरात ज्या घटकांची अपेक्षा असते त्यांच्याशी ते बरंच जुळतं.