उपग्रहचित्रे, इमारतींचे ठसे आणि नाशिकचे ऊर्जा नियोजन

उपग्रहाने टिपलेल्या चित्रातून शहरातल्या प्रत्येक इमारतीची बाह्यरेषा संगणकाकडून काढून घ्यायची, तिला उंचीची जोड द्यायची आणि त्यावरून शहराला वीज कुठे, किती लागेल आणि छपरांवरच किती तयार होईल याचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत आहे. या बाह्यरेषेला ‘बिल्डिंग फूटप्रिंट’ म्हणतात. या नोंदीत तिलाच ‘ठसा’ म्हटले आहे. नाव पायाचे असले तरी उपग्रहाला दिसते ते छप्पर. उंच इमारतीचे चित्र तिरक्या कोनातून घेतलेले असेल, तर छप्पर पायापासून काही मीटर सरकलेले दिसते आणि ठसा शेजारच्या रस्त्यावर जाऊन बसतो.

ठसे काढण्याचे काम पूर्वी माणसे पडद्यावर एकेक रेघ ओढून करत. आता हजारो छपरे हाताने रंगवलेली चित्रे दाखवून संगणकाला शिकवतात. मग नव्या चित्रातला प्रत्येक ठिपका (पिक्सेल) छपराचा की नाही, हे तो ठरवतो. यासाठी सर्रास वापरली जाणारी ‘यू-नेट’ ही रचना २०१५ साली मुळात सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी वेगळ्या ओळखण्यासाठी मांडली गेली होती. दाट वस्तीतली घरे आणि एकमेकींना चिकटलेल्या पेशी यांत संगणकाच्या लेखी फारसा फरक नसावा.

मोफत मिळणारे दोन मोठे साठे आहेत. गूगलचा ‘ओपन बिल्डिंग्ज’ २०२१ मध्ये आफ्रिकेपासून सुरू झाला आणि नंतर दक्षिण आशियात आला. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत सुमारे १८० कोटी इमारती आहेत. मूळ चित्रे ५० सेंटिमीटर स्पष्टतेची. प्रत्येक ठशासोबत क्षेत्रफळ आणि ०.६५ ते १ या पट्ट्यातला विश्वासांक, म्हणजे ही इमारतच आहे याची संगणकाला किती खात्री आहे तो आकडा, मिळतो. घर की गोदाम, पत्ता काय, हे मिळत नाही. दुसरा साठा मायक्रोसॉफ्टचा, बिंग नकाशांच्या चित्रांवरून केलेला. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात, पण त्यांचा एक ठिपका १० मीटरचा. नाशिकच्या सिडको वसाहतीतले एक घर त्यात पुरते दिसत नाही. इस्रोचा कार्टोसॅट-३ (नोव्हेंबर २०१९) मात्र कृष्णधवल चित्रात पाव मीटरपर्यंत जातो.

नाशिकमध्ये ही पद्धत कुठे चालते आणि कुठे अडखळते, हे शहराच्या घडणीतून कळते. महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, सातपूर, नाशिकरोड आणि आजूबाजूची खेडी एकत्र करून झाली. त्यामुळे एकाच हद्दीत चार तऱ्हांची छपरे आहेत. पंचवटी आणि जुन्या नाशकातले वाडे भिंतीला भिंत लावून उभे. कौले, पत्रा आणि मध्येच टाकलेला स्लॅब यांचा वरून एकच गोळा दिसतो, आणि पाच मिळकतींचा एक ठसा निघू शकतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत उलट परिस्थिती: मोठे, सुटे, काटकोनी शेड संगणक सहज ओळखतो. कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे अपार्टमेंट. आणि हद्दीच्या कडेला मळे. द्राक्षबागेवर टाकलेले प्लास्टिकचे आच्छादन, पॉलिहाऊस आणि लांबट कांदाचाळ यांना वरून छपरासारखाच सरळ काठ असतो. परक्या मुलखातल्या चित्रांवर शिकलेला संगणक इथे फसला तर नवल नाही. अशा जागी विश्वासांक कमी असलेले ठसे हाताने तपासावेत हे बरे. जून ते सप्टेंबर ढगांमुळे चित्रे धड मिळत नाहीत, म्हणून काम बहुधा हिवाळी-उन्हाळी चित्रांवरच चालते.

ठसा मिळाला की उंची हवी. क्षेत्रफळाला मजल्यांनी गुणल्याशिवाय आत किती जागा आहे हे कळत नाही, आणि विजेची गरज त्या जागेवर ठरते. सिडकोत मूळ बैठ्या घरांवर लोकांनी एक-एक मजला चढवला. ठसा तोच राहिला, आतली जागा दुप्पट-तिप्पट झाली. नुसत्या ठशांवर विसंबणारा नियोजनकार इथेच सर्वात जास्त चुकतो. गूगलच्या २०२४ मधल्या ‘टू-पॉइंट-फाइव्ह-डी’ मालिकेत २०१६ ते २०२३ ची वर्षवार उंची आहे. तिची सरासरी चूक दीड मीटर, म्हणजे साधारण अर्धा मजला. दुसरा मार्ग सावलीचा. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य साडेशेहेचाळीस अंशांवर असतो, तेव्हा १० मीटर उंच इमारतीची सावली साडेनऊ मीटर पडते. सूर्याच्या वेळेने सकाळी नऊला तीच साडेअठरा मीटर होते. सावली मोजून उंची काढता येते, आणि उंची कळली की शेजारच्या गच्चीवर कधी सावली पडेल हेही.

सौर पॅनेलचा हिशोब याच सावलीवर अडतो. ढोबळ नियम असा की एका किलोवॉटला सुमारे १० चौरस मीटर मोकळी जागा लागते आणि इथल्या उन्हात त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट निघतात. समजा, सिडकोतल्या एका घराचा ठसा ६० चौरस मीटरचा आहे. कागदावर तो ६ किलोवॉटचा. प्रत्यक्ष गच्चीवर जिन्याची खोली, दोन काळ्या टाक्या, सोलर वॉटर हीटर, कपड्यांच्या तारा आणि पावसाचे पाणी मुरू नये म्हणून अर्ध्या स्लॅबवर टाकलेला पत्रा. कठड्याची सावली सोडून तीस चौरस मीटर उरले तरी भरपूर, म्हणजे ३ किलोवॉट आणि दिवसाला बारा युनिट. पंतप्रधान सूर्यघर योजनेत (२०२४) ३ किलोवॉट वा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते, तेव्हा अशी घरे मोजणे कामाचे आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी अनुदान किलोवॉटमागे १८,००० रुपये. तिथे अडचण गच्चीच्या आकाराची कमी आणि गच्ची कोणाची या वादाची जास्त. तो वाद कोणत्याच उपग्रहाला दिसत नाही. कारखान्यांच्या शेडचेही तसेच आहे. वरून ऐसपैस दिसणारे छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे असेल, तर पंचवीस-तीस किलोचे एकेक पॅनेल ते पेलत नाही; आधी पत्रे बदला, मग पॅनेल.

छपरांचा नकाशा महावितरणच्या जाळ्यावर बसवला की खरे नियोजन सुरू होते. प्रत्येक ठसा कोणत्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर, बोलीभाषेत ‘डीपी’वर) आहे, ते रोहित्र १०० केव्हीए क्षमतेचे की २०० च्या, आणि कोणत्या वाहिनीतून त्याला वीज येते, ही माहिती ठशांच्या साठ्यात नसते, ती वीज कंपनीकडूनच मिळवावी लागते. घरगुती पॅनेल दुपारी भरात असतात, घरातला वापर संध्याकाळी वाढतो. एका गल्लीत दहा-पंधरा संच बसले की दुपारी वीज उलटी वाहू लागते आणि रोहित्रावरचा विजेचा दाब (व्होल्टेज) वर जातो. २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनी १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतून सूट दिली. ग्राहकाची पायपीट वाचली, पण जाळ्यावरचा भार आधी ओळखण्याची जबाबदारी नियोजनावर आली. दिवसपाळीचे कारखाने आणि त्यांच्या लगतच्या वसाहती एकाच उपकेंद्रावर असतील, तर घरांवरची दुपारची वीज शेजारीच खपू शकते. अशा जोड्या शोधायला हा नकाशा उत्तम. शहराच्या पूर्वेला एकलहऱ्याचे ६३० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे, पण ते राज्याच्या जाळ्याला वीज देते. नाशिकच्या गल्लीतला दाब त्यामुळे सुधारत नाही.

वापराच्या बाजूला उपग्रहाची मदत मर्यादित आहे. लँडसॅटच्या उष्णतामापक चित्रांचा मूळ ठिपका १०० मीटरचा, त्यामुळे तापलेली पत्र्याची वसाहत दिसते, तापलेले एक घर दिसत नाही. कोणत्या भागात छपरांना पांढरा रंग द्यावा, एवढे त्यावरून ठरवता येते.

सगळ्यात अवघड प्रश्न बारा वर्षांनी एकदा येतो. सिंहस्थात तपोवनात साधुग्राम उभे राहते: मंडप, पत्र्याच्या शेड, तंबू, दिव्यांच्या माळा आणि पाण्याचे पंप. उंचीची वर्षवार मालिका २०१६ ते २०२३ ची. २०१५ च्या पर्वण्या तिच्या आधी होऊन गेल्या आणि २०२६-२७ चा सिंहस्थ तिच्या नंतरचा. त्यामुळे साधुग्रामाचा भार ठशांतून निघत नाही. तो मंडपांच्या आराखड्यावरून आणि तात्पुरत्या वीजजोडण्यांच्या अर्जांवरूनच मोजावा लागतो.