कमी उंचीवरील उड्डाणे व जमीनमालकांचे तंटे (मराठवाडा)

खासगी जमिनीवरून विमान, हेलिकॉप्टर किंवा ड्रोन कमी उंचीने गेल्यामुळे जमीनमालक आणि ते साधन चालविणारा यांच्यात होणारे वाद. अतिक्रमण, उपद्रव, पिकाचे वा जनावरांचे नुकसान आणि खासगीपणाचा भंग ही त्यांची नेहमीची कारणे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत या वादांना विमानतळांपेक्षा शेतीनेच अधिक वळण दिले आहे. फवारणीचे ड्रोन, कृत्रिम पावसाची विमाने आणि शिवारात उतरणारी हेलिकॉप्टरे हे येथील मुख्य विषय होत. त्यांतील कशातही आकाशाच्या मालकीचा दावा क्वचितच असतो. वरून जमिनीवर काय आले, यावर भांडण होते. कायद्याची मांडणी मात्र मालकीच्या प्रश्नापासून सुरू होत असल्याने आधी तो पाहणे आवश्यक आहे.

उगमाचा प्रश्न : ‘ज्याची भूमी, त्याचेच वर आकाशापर्यंत आणि खाली पाताळापर्यंत’ या अर्थाचे एक लॅटिन सूत्र (कुइयस एस्ट सोलम…) कायद्याच्या ग्रंथांत वारंवार येते. ते रोमन कायद्यातले आहे असे पूर्वी सरसकट लिहिले जाई. रोमन सम्राट जस्टिनियनच्या संहितेत मात्र ते या रूपात आढळत नाही. तेथे शेजाऱ्याच्या जमिनीवरचे आकाश मोकळे असावे, एवढ्या आशयाची वचने आहेत आणि ती घरांच्या पुढे आलेल्या भागांविषयी आहेत. सूत्राचा सर्वांत जुना स्पष्ट आढळ बोलोन्याचा भाष्यकार अक्युर्सियस (सु. 1182–1263) याच्या टीकेत मिळतो. त्याचा मुलगा पहिल्या एडवर्ड राजाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच्यामार्फत सूत्र तेथे पोहोचले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार मध्ययुगीन ज्यू खरेदीखतांत ‘भूगर्भाच्या तळापासून आकाशाच्या उंचीपर्यंत’ असे शब्द घालण्याची रीत होती आणि 1290 मध्ये ज्यूंना इंग्लंडमधून हाकलण्यापूर्वी ती तेथे रुजली होती. खतांतले शब्दसाम्य लक्षणीय आहे. तरी भाष्यकाराच्या टीकेपासून न्यायालयापर्यंतची वाट अधिक सलग दिसते, त्यामुळे पहिले मत स्वीकारणे सोयीचे. इंग्लिश निवाड्यांत हे सूत्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बरी विरुद्ध पोप या खटल्यात आले. एडवर्ड कोक (1628) आणि नंतर ब्लॅकस्टोन या इंग्लिश कायदेपंडितांनी ते पाठ्यग्रंथांत पक्के केले. या सर्व काळात आकाशात पक्षी आणि धूर यांखेरीज काही नव्हते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

भारतीय परंपरेत या सूत्राला थेट समांतर वचन दाखविता येत नाही. मनुस्मृतीने सीमावाद हे अठरा व्यवहारपदांपैकी (खटल्याच्या विषयांपैकी) एक मानले. हद्दीवर वड, पिंपळ, पळस यांसारखी झाडे लावावीत आणि जमिनीत हाडे, राख, खापऱ्या, कोळसा पुरून ठेवावा, असे ती सांगते. मराठवाड्याला लागून असलेल्या कल्याणीच्या चालुक्य दरबारात बाराव्या शतकाच्या आसपास रचली गेलेली विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकाही सीमेचा विचार जमिनीवरच्या खुणांनीच करते.

विमानानंतरचे निवाडे : विमानपूर्व काळातच सूत्राविषयी शंका व्यक्त झाली होती. 1815 च्या पिकरिंग विरुद्ध रड खटल्यात न्यायमूर्ती एलेनबरो यांनी बलूनमधून शेतावरून जाणारा प्रत्येक जण अतिक्रमण करतो काय, असा प्रश्न उपस्थित केला. न्यूयॉर्कमध्ये 1822 साली एका भाजीच्या मळ्यात बलून उतरले. त्यातल्या माणसाला सोडविण्यासाठी धावलेल्या गर्दीने मळा तुडविला, आणि त्या तुडवणुकीचीही भरपाई बलूनवाल्यानेच द्यावी, असा निर्णय झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1946 मध्ये कॉझ्बी खटल्यात आकाशापर्यंतची मालकी आधुनिक जगात चालणार नाही असे सांगितले. पण फिर्यादीला भरपाई मिळाली. लष्करी विमाने त्याच्या कोंबडीपालनाच्या जागेवरून अवघ्या 83 फुटांवरून जात. घाबरलेल्या सुमारे 150 कोंबड्या भिंतींवर आदळून मेल्या आणि धंदा बंद पडला. इंग्लंडमध्ये लॉर्ड बर्नस्टीन यांच्या घराचे विमानातून छायाचित्र घेतल्याचा दावा 1977 मध्ये फेटाळला गेला. जमिनीच्या सामान्य वापराला व उपभोगाला लागेल तितक्याच उंचीपर्यंत मालकाचा हक्क असतो, असे न्यायमूर्ती ग्रिफिथ्स यांनी ठरविले. एखाद्याच्या घरावर सतत पाळत ठेवून छायाचित्रे घेतली तर तो उपद्रव ठरू शकेल, हेही त्यांनी नोंदविले. ड्रोनच्या काळात या दुसऱ्या वाक्याचे मोल वाढले आहे.

भारतीय कायदा : विमान अधिनियम, 1934 च्या कलम 17 नुसार वारा, हवामान आणि एकूण परिस्थिती पाहता वाजवी असलेल्या उंचीवरून विमान गेले, एवढ्याच कारणावरून अतिक्रमणाचा वा उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येत नाही, उड्डाणासोबत स्वाभाविकपणे येणाऱ्या गोष्टींबाबतही तसेच. उंचीचा आकडा कलमात नाही. तो नियमांतून येतो : दाट वस्तीवर सभोवतालच्या सर्वांत उंच अडथळ्यापासून 1,000 फूट आणि अन्यत्र जमिनीपासून 500 फूट, उतरणे-चढणे वगळून. ब्रिटनच्या 1920 च्या कायद्यात दाव्यांवरील अशा मनाईला एक जोड होती. विमानाने वा त्यातून पडलेल्या वस्तूने नुकसान झाल्यास निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई मिळे. भारतीय कायद्याने पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा घेतला नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहता ही उणीव मोठी आहे, कारण उडणाऱ्याची चूक सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर राहते. 1 जानेवारी 2025 पासून 1934 च्या अधिनियमाच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, 2024 लागू झाला. जुनी चौकट त्याने बहुतांशी कायम ठेवली आहे.

‘एवढ्याच कारणावरून’ ही अट महत्त्वाची आहे. शेतात उतरणे, वस्तू टाकणे, औषध फवारणे, एकाच जागी घिरट्या घालणे यांना कलमाचे संरक्षण आपोआप मिळत नाही, असाच तिचा सरळ अर्थ लागतो. 1934 च्या व्याख्येत बलून, ग्लायडर यांच्याबरोबर पतंगही विमानात मोडतो, त्यामुळे संक्रांतीला शेजाऱ्याच्या गच्चीवरून गेलेला पतंगही तत्त्वतः या कलमाच्या छत्राखाली येतो.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जमिनीचा कारभार 1317 फसलीच्या (फसली हे महसुली सन) हैदराबाद जमीन महसूल कायद्याने चाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू नव्हते. विलीनीकरणानंतर केंद्रीय कायदे टप्प्याटप्प्याने आले. हद्दीच्या वादांत येथे अजूनही 1954-55 चे खासरा पाहणीपत्रक (जुनी जमीननोंद) काढले जाते. खासरा असो की सातबारा, क्षेत्र एकर-गुंठ्यांत किंवा हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. उंचीला रकाना नाही.

विमानतळांचा परिसर : छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ हा विभागातला मुख्य. धावपट्टीजवळच्या उंचीचे गणित सोपे आहे. विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते आणि धावपट्टीचे टोक सुमारे 15 मीटरवरून ओलांडते. म्हणजे टोकापासून एक किलोमीटरवरच्या शेतावरून ते 65 ते 70 मीटरवरून जाणार. ही उंची 500 फुटांच्या निम्म्याहून कमी असली तरी उतरण्याचा टप्पा असल्याने ती नियमबाह्य नाही. उलट बंधन जमीनमालकावरच येते. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून 20 किलोमीटरपर्यंत बांधकाम व झाडे यांच्या उंचीवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला 1934 च्या अधिनियमाच्या कलम 9-अ ने दिला आणि त्यापोटी भरपाईची तरतूद 9-ब मध्ये केली. 2015 च्या उंची-निर्बंध नियमांनंतर रंगीत क्षेत्रनकाशे आले आणि मजला चढविण्यापूर्वी ना-हरकत दाखला घेणे नित्याचे झाले. 1937 च्या विमान नियमांतील नियम 91 प्रमाणे विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे, सोलणे आणि घाण टाकणे मना आहे, कारण त्यावर घारी-गिधाडे जमतात.

जमिनीवरची वर्दळ आणि डोक्यावरचे विमान यांची गाठ येथे एकदा फार वाईट रीतीने पडली. 26 एप्रिल 1993 रोजी मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 उड्डाण घेताना धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांत गेले व कोसळले. 118 पैकी 55 जण मृत्युमुखी पडले. चौकशीत वैमानिकांचे चुकलेले उड्डाणतंत्र आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक न रोखणे, अशी दोन्ही कारणे पुढे आली.

नांदेड, लातूर व धाराशिव येथील धावपट्ट्यांवर वर्दळ कमी आहे.

हेलिकॉप्टर : निवडणुकीच्या सभा आणि अलीकडे लग्नाच्या वराती यांसाठी शिवारात तात्पुरते हेलिपॅड होते. ज्याच्या शेतात ते होते त्याची संमती घेतलेली असते. तक्रार येते ती शेजाऱ्याची. पात्याखालचा झोत उन्हाळ्यात फुफाटा उठवितो, गोठ्यावरचे पत्रे उचकटतो, कडब्याची गंज विस्कटतो आणि दावणीची जनावरे दावे तोडतात. हे ‘वाजवी उंचीवरील उड्डाण’ नाही, त्यामुळे दावा शक्य आहे. प्रत्यक्षात असे वाद गावातच, बहुधा आयोजकाने काही रक्कम देऊन मिटतात. न्यायालयीन अहवालांत ते दिसत नाहीत, याचे कारण हेच असावे.

फवारणी : विमानातून फवारणीचे नियम जुने आहेत. कीटकनाशके नियम, 1971 मधील नियम 43 नुसार क्षेत्राच्या खुणा करण्याची जबाबदारी फवारणी करणाऱ्याची; किमान 24 तास आधी लोकांना सूचना द्यावी लागते आणि ठरावीक काळ माणसे-जनावरे त्या क्षेत्रात येऊ द्यायची नाहीत. ड्रोन फवारणीसाठी केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली.

साधारण दहा लिटर टाकीचा ड्रोन पिकावर दोन-तीन मीटर राहून फवारतो. मालकाने स्वतःच्या कपाशीवर तो चालवावा, त्यात वाद नाही. वाद धुऱ्यावर (बांधावर) होतो. पिकाच्या ओळीच्या टोकाला ड्रोन वळतो तेव्हा तो पुष्कळदा शेजाऱ्याच्या हद्दीत शिरून वळतो. फवारा वेळेवर बंद केला नाही तर औषध सरळ तिकडे पडते. बंद केला तरी बारीक थेंब वाऱ्यावर जातात. थेंब जितका बारीक, तितका तो दूर वाहतो. बीड, जालना, धाराशिव या जिल्ह्यांत रेशीमशेती वाढल्यापासून हा प्रश्न तीव्र झाला, कारण तुतीच्या पानावर पडलेला कीटकनाशकाचा अंशही रेशीमअळीला सोसत नाही. विषारी पाला खाल्लेल्या अळ्या डोके हलवतात, हिरवट रस ओकतात, अंग आखडून मरतात. ज्या वाचतात त्यांतल्या अनेक कोष विणत नाहीत. अंडी उबल्यापासून कोष हाती येईपर्यंत जेमतेम महिन्याची बॅच असते, आणि ती शेवटच्या आठवड्यात गेली की तोवरचा पाला, मजुरी सगळे पाण्यात. कॉझ्बीच्या कोंबड्यांशी साम्य असलेले प्रकरण मराठवाड्यात शोधायचे तर ते येथे मिळेल.

पुराव्याचे काम अवघड असते. अळ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतात, तोवर पानावरचे औषध उतरू लागते. रोगाने मेल्या की विषाने, हा प्रतिवाद ठरलेला. त्यासाठी पंचनामा लगेच करून घ्यावा, पाल्याचा व अळ्यांचा नमुना सीलबंद करावा आणि ड्रोनच्या उड्डाणनोंदीची मागणी करावी. या यंत्रांत मार्गाची व वेळेची नोंद राहते, तेव्हा वळण कोणाच्या जमिनीत झाले हे तोंडी साक्षीपेक्षा तिच्यावरून चांगले ठरते.

कृत्रिम पाऊस : राज्य शासनाने 2015 आणि 2019 च्या पावसाळ्यात औरंगाबाद येथून विमानाने ढगांत क्षार सोडण्याचे प्रयोग केले. रडार विभागीय आयुक्त कार्यालयाच्या इमारतीवर होते. ही उड्डाणे ढगांच्या उंचीवर होत, म्हणून काटेकोरपणे ती या नोंदीत बसत नाहीत. तरी ‘विमान आले अन् आभाळ फुटले’ ही तक्रार दुष्काळी पट्ट्यात त्याआधीपासून ऐकू येते. कोणतेही विमान दिसले की ते ढग पळवायला आले, असा समज तिच्यामागे असतो. हवामानशास्त्र त्याला आधार देत नाही. ढगांत असे क्षार सोडल्याने (बीजारोपणाने) पाऊस किती वाढतो याबद्दलही शास्त्रज्ञांत एकमत नाही. अमेरिकेत या प्रश्नावर परस्परविरोधी निवाडे आहेत. न्यूयॉर्कमध्ये 1950 साली ढगांवर कोणाचा मालकी हक्क नाही असे ठरले, तर टेक्सासमध्ये 1958 साली गारपीट टाळण्यासाठी ढगांवर फवारणी करणाऱ्यांना पशुपालकांच्या जमिनीवरून तसे करण्यास मनाई झाली. कार्यकारणभाव सिद्ध करण्याची अडचण पाहता पहिला निवाडा येथे लागू पडण्याची शक्यता अधिक वाटते.

ड्रोन व पाळत : ड्रोन नियम, 2021 ने आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे विभाग केले. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. खालच्या जमीनमालकाच्या संमतीची अट नियमांत नाही. स्वामित्व योजनेत (2020) गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली, तेव्हा हद्दी आधी चुन्याने आखून घेतल्या जात. गावाला दवंडीने वा ग्रामसभेत कळविलेले असल्याने ड्रोनबद्दल आक्षेप फारसे आले नाहीत. भांडणे चुन्याच्या रेषेवरून झाली.

2024 च्या पावसाळ्यात चित्र वेगळे होते. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे ड्रोन घिरट्या घालत असल्याचा विषय विधिमंडळात निघाला आणि बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील गावांतूनही रात्री ड्रोन दिसल्याच्या तक्रारी आल्या. चोरीच्या टेहळणीची भीती पसरून ठिकठिकाणी तरुणांनी रात्रीची गस्त घातली. अशा वेळी जिल्हा प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली (पूर्वीचे कलम 144) ड्रोन उडविण्यास तात्पुरती मनाई करते. हे आदेश शांतताभंग टाळण्यासाठी असतात. जमीनमालकाला त्यांतून भरपाईचा हक्क मिळत नाही. त्यासाठी त्याला उपद्रवाचा स्वतंत्र दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि ड्रोन कोणाचा होता हे आधी शोधावे लागते.