सेल्फ मारताना रेडिओ गप्प का होतो

चावी ‘ऑन’ला आणली की डॅशबोर्डवर दहा-बारा दिवे एकदम लागतात. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूंघूं ऐकू येते, बॉनेटखाली काहीतरी कुरकुरतं. चावी आणखी पुढे फिरवली की रेडिओ गप्प, एसीचा पंखा गप्प, हेडलाइट विझलेले नाहीतर मंदावलेले. इंजिनाने स्टार्ट घेतला की सगळं पुन्हा जागेवर. रोजचंच असल्यामुळे यातलं काही कुणाला खटकत नाही. पण यातली जवळपास प्रत्येक गोष्ट कुणीतरी विचार करून ठरवलेली आहे, आणि बहुतेकींचं मूळ एकाच जुन्या अडचणीत सापडतं. सेल्फची मोटर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, आणि गाडीतलं बाकी सगळं विजेवरचं सामान एकाच बॅटरीवर पोसलं जातं.

ही अडचण मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या यंत्रावर दिसते. चांगल्या बॅटरीवर, उभ्या गाडीत, काटा १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. सेल्फ मारला की तो दहाच्या जवळ येतो. बॅटरी म्हातारी असेल आणि थंडी असेल तर त्याहूनही खाली. खरा खड्डा मात्र मल्टिमीटरला दिसतच नाही, कारण तो तेवढा चपळ नसतो. थांबलेली मोटर फिरायला लागेपर्यंत जवळजवळ शॉर्टसर्किटसारखीच वागते. ती कित्येकशे अँपिअर ओढते आणि त्या काही मिलिसेकंदांत व्होल्टेज सहा-सातपर्यंतही घसरू शकतं. पुढे मोटर फिरू लागते, पण एकेक पिस्टन काँप्रेशनला, म्हणजे आतली हवा दाबायला, आला की तिच्यावर पुन्हा ताण येतो. चार सिलिंडरचं इंजिन २०० आरपीएमने फिरवलं जात असेल तर सेकंदाला सहा-सात हिसके बसतात. सेल्फ मारताना डॅशबोर्डचे दिवे थरथरतात ते त्याच तालावर.

सुरुवातीच्या गाड्यांना ही अडचण नव्हती, कारण सेल्फच नव्हता. पुढून हँडल घालून इंजिन फिरवायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलट फिरायचं आणि मनगट मोडायचं. १९०८ मध्ये बायरन कार्टर हे मोटार-उत्पादक गेले. बंद पडलेली गाडी हँडल मारून सुरू करून देताना ते उलटून त्यांच्या जबड्यावर बसलं होतं, अशी गोष्ट सांगतात. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लीलंड यांचे ते मित्र. या घटनेने हलून जाऊन लीलंड यांनी चार्ल्स केटरिंग यांच्याकडे विजेच्या स्टार्टरचं काम सोपवलं, असंही त्या गोष्टीत पुढे येतं. एवढं नक्की की केटरिंग यांचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला.

केटरिंग आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते आणि गल्ला उघडणारी छोटी विजेची मोटर त्यांनी तिथे बसवली होती. गल्ल्याची मोटर क्षणभरच चालते, म्हणून तिच्यावर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला तरी ती जळत नाही. इंजिनलाही हाच हिशेब लागू पडत होता. तोवर लोक म्हणत होते की इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल; केटरिंग यांनी लहान मोटरला चार-पाच सेकंद राबवून घेतलं. बॅटरीचा प्रश्नही त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्या कॅडिलॅकमध्ये सेल्फसाठी २४ व्होल्ट आणि दिव्यांसाठी ६ व्होल्ट अशी जोडणी होती. ही युक्ती टिकली नाही. सरसकट ६ व्होल्ट झाले आणि सेल्फ व दिवे एकाच व्होल्टेजवर आले. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांची डोकेदुखी तिथेच सुरू झाली, पण स्वस्ताई आणि साधेपणापुढे दुसरं काही चाललं नसतं. फोर्डच्या मॉडेल टीला तर इलेक्ट्रिक सेल्फ मिळायला १९१९ उजाडलं.

१९५० च्या दशकात इंजिनं मोठी झाली, काँप्रेशन वाढलं, ६ व्होल्टचा सेल्फ धापा टाकू लागला आणि अमेरिकी गाड्या १२ व्होल्टवर गेल्या. या काळातली एक तोड मला फार आवडते. ठिणगी देणारी कॉइल मुद्दाम आठ-नऊ व्होल्टची बनवायची आणि एरवी तिच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा भाग, ठेवून १२ व्होल्ट खाली आणायचे. सेल्फ मारताना वेगळ्या वायरीने तो रेझिस्टर वळसा घालून टाळायचा. बॅटरी नऊ-दहा व्होल्टवर आलेली असते, कॉइलला तेवढेच हवे असतात, ठिणगी दणदणीत पडते. हा रेझिस्टर जळला की गाडी विचित्र वागते. सेल्फ चालू असेपर्यंत इंजिन छान धरतं आणि चावी सोडली रे सोडली की बंद पडतं. जुन्या मेकॅनिकला हे लक्षण ऐकूनच दोष कळतो.

चावीने सेल्फ मारणंही तसं उशिराच आलं. त्याआधी चावी फक्त इग्निशन चालू करायची आणि सेल्फसाठी पायाजवळ किंवा डॅशवर वेगळं बटण असायचं. १९४९ मध्ये क्रायस्लरने दोन्ही कामं एका चावीत आणली. मग चावीच्या स्विचमध्ये टप्पे पडले, अ‍ॅक्सेसरी, ऑन, स्टार्ट. जर्मन डीआयएन मानकाने त्यांना आकडे दिले आणि ते आजही वायरिंगच्या नकाशात दिसतात. ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे चावी ऑन, ५० म्हणजे सेल्फ, ३१ म्हणजे अर्थ. स्टार्टच्या टप्प्यावर रेडिओ, पंखा, हेडलाइट अशी खादाड मंडळी स्विचनेच तोडली जातात. मिळेल तो अँपिअर सेल्फला मिळावा म्हणून. रेडिओ गप्प होतो तो इथे.

बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवाही याच काळातला. तो नुसता सूचना देत नसे. चावी ऑन केल्यावर त्या बल्बमधून जाणारा प्रवाह अल्टरनेटरच्या, म्हणजे गाडीत वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीला (फील्ड वाइंडिंगला) पहिला धक्का द्यायचा. अल्टरनेटर वीज बनवू लागला की बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज येऊन तो विझायचा. बल्ब उडाला तर काही गाड्यांत चार्जिंगच सुरू होत नसे.

इथवर व्होल्टेज घसरल्याने फारसं बिघडत नव्हतं. बल्ब मंद होतो, मोटर हळू फिरते, व्होल्टेज आलं की पूर्ववत. प्रोसेसरचं तसं नाही. ठरावीक व्होल्टेजखाली गेला की तो रीसेट होतो, आणि काय करत होतो ते विसरून पहिल्या ओळीपासून सुरू होतो. १९६७ मध्ये फोक्सवागनच्या गाडीवर आलेलं बॉशचं डी-जेट्रॉनिक इंजेक्शन अ‍ॅनालॉग होतं, म्हणजे त्यात प्रोसेसरच नव्हता, त्यामुळे तिथे हा प्रश्न नव्हता. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय वर बॉशचीच मोट्रॉनिक आली. इंधन आणि ठिणगी दोन्ही एका डिजिटल संगणकाच्या हाती गेली. आता बॅटरी सर्वांत दुबळी असते नेमक्या त्याच क्षणी संगणकाने सर्वांत हुशारीचं काम करायचं होतं. म्हणून संगणकाच्या या पेट्यांमधला वीजपुरवठा असा बनवावा लागला की बाहेर सहा व्होल्ट असले तरी आत पाच स्थिर राहावेत. आज आयएसओ १६७५०-२ या मानकात सेल्फ मारण्याचीच नक्कल करणारी चाचणी आहे, आणि तिच्या सर्वांत कडक पातळीवर व्होल्टेज काही मिलिसेकंदांसाठी ३ पर्यंत खाली आणलं जातं.

चावी ऑन केल्यावरची घूंघूं इंधनाच्या पंपाची. इंजेक्शनला दाब लागतो, म्हणून संगणक पंप दोनेक सेकंद चालवून लाइन भरून घेतो. तेवढ्यात इंजिन फिरल्याची खूण मिळाली नाही तर पंप थांबवतो, कारण अपघातात इंजिन बंद पडलेलं असताना पंप पेट्रोल ओतत राहिला तर आग भडकेल. काही गाड्यांत हा पंप ड्रायव्हरचं दार उघडताच चालतो. बॉनेटखालची कुरकुर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाची. त्याची झडप पूर्ण बंद होऊन शून्य कुठे आहे ते तपासून घेते.

सेल्फ फिरू लागला तरी संगणक लगेच ठिणगी देत नाही. इंजिन थांबलं तेव्हा कुठला पिस्टन कुठे होता, याची त्याला खात्री नसते. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टवर दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सरसमोरून ५८ दाते जातात, मग एक रिकामी फट येते. ती फट दिसली की संगणकाला क्रँकचा कोन कळतो. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात एका चक्रात क्रँक दोनदा फिरतो, म्हणून यातला कुठला फेरा हे झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या सेन्सरला विचारावं लागतं. २०० आरपीएमला एक फेरा ०.३ सेकंदाचा. कार्बोरेटरची गाडी गरम असताना चावी लावताच उचलायची आणि नवी मात्र एक-दोन फेरे घेते, अशी जी तक्रार असते तिचं उत्तर बरंचसं या फटीत आहे. कॅमचा सेन्सर बिघडला तर पुष्कळ गाड्या सुरू होतात, फक्त सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो.

दिव्यांची जत्रा वाढली ती १९७८ नंतर. त्या वर्षी मर्सिडीझच्या एस-क्लासवर ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं बॉशचं एबीएस आलं, पाठोपाठ एअरबॅग. ही दोन्ही यंत्रणा वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि क्वचितच लागतात, तेव्हा त्या जिवंत आहेत की नाही हे आधीच कळायला हवं. म्हणून प्रत्येक पेटी जागी होताच आपली मेमरी, सेन्सर, वायरिंग तपासते आणि तोवर आपला दिवा लावून ठेवते. दिवा लागलाच नाही तर तोही दोषच. एबीएसचा पंप उभ्या गाडीत पुरता तपासता येत नाही. गाडी हलल्यावर पहिल्या काही मीटरांत पायाखाली जो बारीक ‘टक्’ येतो तो त्याचा.

चावी नुसता स्विच राहिली नाही ती चोरांमुळे. १९८६ च्या कॉर्व्हेटच्या चावीवर एक रेझिस्टर बसवलेला होता आणि त्याची किंमत जुळली तरच सेल्फ फिरायचा. पंधराच किमती, त्यामुळे चिकाटीच्या चोराला ते अवघड नव्हतं. युरोपीय संघाच्या १९९५ च्या निर्देशानंतर १९९८ पासून तिथल्या नव्या गाड्यांना खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर बंधनकारक झाला. चावीतल्या चिपला बॅटरी लागत नाही. कुलपाभोवतीच्या कॉइलमधून तिला वीजही मिळते आणि प्रश्नही विचारला जातो. उत्तर चुकलं तर काही गाड्या सुरूच होत नाहीत, काही सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतात. दुसरा प्रकार माणसाला पेट्रोलच्या नाहक शोधात पाठवतो.

दरम्यान बॉशने १९८३ मध्ये हाती घेतलेलं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला मांडलेलं ‘कॅन’ हे जाळं गाड्यांत आलं. पिळलेल्या दोन वायरींवर सगळ्या पेट्या एकमेकींशी बोलतात. मग चावीतून सेल्फचा प्रवाह, निदान त्याच्या रिलेचा (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचचा) प्रवाह, जाण्याची गरज उरली नाही. टर्मिनल १५, म्हणजे ‘चावी ऑन’, आता एका संदेशातली नोंद झालं. १९९८ मध्ये मर्सिडीझने एस-क्लासला कीलेस-गो दिलं आणि बटण परत आलं, पण या बटणाने सेल्फ फिरत नाही, सेल्फ फिरवण्याची विनंती जाते. ब्रेक दाबला आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का, चावी गाडीत आहे का, हे पाहून संगणक ठरवतो. बोट उचललं तरी इंजिन धरेपर्यंत तोच सेल्फ चालू ठेवतो. ब्रेकलाइटचा साधा स्विच खराब झाला की अशी गाडी ढिम्म हलत नाही, फक्त रेडिओ लावून देते.

पेट्या पन्नासेक झाल्यावर जुनी अडचण नव्या रूपात समोर आली. म्हातारी बॅटरी सेल्फ कसाबसा फिरवते, पण त्या खड्ड्यात दोन-तीन पेट्या रीसेट होतात. उरलेल्या पेट्यांना त्या अचानक गप्प झालेल्या दिसतात आणि त्या तशी तक्रार नोंदवून ठेवतात. दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर यू०१००, म्हणजे इंजिनच्या संगणकाशी संपर्क तुटला, आणि सोबत एबीएसचे, स्टिअरिंगचे, गिअरबॉक्सचे मिळून दहा कोड. त्या यादीकडे बघून महागड्या पेट्या बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत. म्हणून कोड वाचण्याआधी सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज बघावं.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्रणेने तर हा प्रसंग दिवसातून पन्नास वेळा आणला. फोक्सवागनने १९८० च्या दशकातच पोलोवर ती करून पाहिली होती. दर सिग्नलला रेडिओ गप्प झालेला आता कुणाला चालणार नाही, म्हणून अशा गाड्यांत त्याच्यासाठी व्होल्टेज सावरणारा वेगळा डीसी-डीसी कन्व्हर्टर, वारंवार सेल्फ सोसणारी दणकट एजीएम बॅटरी आणि निगेटिव्ह टर्मिनलवर येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. बॅटरीत दम नाही असं त्या सेन्सरने सांगितलं की गाडी सिग्नलला इंजिन बंदच करत नाही. मोठ्या स्क्रीनचा त्रास वेगळा, त्यांना फोनसारखं बूट व्हायला वेळ लागतो. अमेरिकेत मे २०१८ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलंच पाहिजे. त्यामुळे स्क्रीनची बाकी सजावट उठायची असतानाही कॅमेऱ्याचं चित्र वेगळ्या आखूड वाटेने आधी आणावं लागतं.

बंद करणंही आता तसं तत्काळ नाही. चावी काढल्यावर इंजिनचा संगणक आपला मुख्य रिले स्वतःच काही सेकंद धरून ठेवतो, शिकलेली मूल्यं लिहून ठेवतो, मग झोपतो. बाकीच्या पेट्या झोपायला आणखी काही मिनिटं घेतात. चावी काढताक्षणी बॅटरीची वायर सोडली तर ते लिखाण अर्धवट राहू शकतं.

इलेक्ट्रिक गाडीत सेल्फ नाही, तरी १२ व्होल्टची बॅटरी आहेच. बटण दाबल्यावर सीटखाली ओळीने ‘टक्, टक्’ ऐकू येतं ते मोठ्या बॅटरीच्या काँटॅक्टरचं, म्हणजे ती जोडणाऱ्या मोठ्या स्विचांचं. ते सगळे एकदम जोडले तर मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरच्या रिकाम्या कपॅसिटरमध्ये प्रवाहाचा लोंढा जाऊन काँटॅक्ट वितळून चिकटतील; म्हणून आधी रेझिस्टरमधून हळूच भरणी करायची आणि मग मुख्य काँटॅक्ट जोडायचा. त्यानंतर ‘रेडी’ दिसतं. काँटॅक्टरच्या कॉइलना वीज मिळते ती मात्र त्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून. ती उतरली तर खाली ४०० व्होल्टची बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी उठत नाही, आणि मालक शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर केबल लावत उभा असतो.