तीन महिन्यांची नळी

मराठीत ‘पित्त’ हा शब्द भारी घोटाळा करतो. छातीत जळजळलं की आपण म्हणतो पित्त झालं. ते असतं जठरातलं आम्ल. अंगावर गांधी आल्या की पित्त उठलं. ती असते अ‍ॅलर्जी. खरं पित्त यकृतात तयार होतं, रोज अर्धा ते एक लिटर, आणि साधारण सहा मिलिमीटर रुंदीच्या नळीतून लहान आतड्यात उतरतं. ही पित्तनलिका तुंबेपर्यंत तिची आठवण कुणाला येत नाही.

आमच्या काकूंची तुंबली ती पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर. दुर्बिणीने पित्ताशय काढताना क्वचित, हजारात तीन-चार जणांच्या, पित्तनलिकेला इजा होते. जखम भरताना तिथे व्रण आवळत जातो आणि नळी अरुंद होते. लघवी गडद पिवळी, शौच मातकट पांढुरकं, रात्री तळहात-तळपायांना जीव नकोसा करणारी खाज. शेजारणीने काविळीची माळ सुचवली. विषाणूमुळे झालेली कावीळ बऱ्याचदा आपोआप उतरते, म्हणून माळेला श्रेय मिळतं. तुंबलेली नळी माळेने मोकळी होत नाही.

मग ईआरसीपी. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत न्यायची, नलिकेच्या तोंडातून आत तार सरकवायची, गरज असेल तिथे अडथळ्यापलीकडे प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, बसवायची. दुर्बिणीतून नलिकेचं छायाचित्र घेतल्याची पहिली नोंद १९६८ची, अमेरिकेतली. नलिकेच्या तोंडाचा स्नायू आतूनच कापायची युक्ती १९७४मध्ये जर्मनीत आणि जपानमध्ये स्वतंत्रपणे साधली. आणि १९७९मध्ये हॅम्बुर्गला निब सोहेन्द्रा यांनी दुर्बिणीतून पहिला स्टेंट बसवला. त्याआधी अशा बहुतेक रुग्णांना पोट उघडण्यावाचून फारसा पर्याय नसे.

तीन महिन्यांनी काकूंना पुन्हा बोलावलं. त्यांचा प्रश्न रास्त होता : “नवी कोरी नळी घातली ना? मग परत का तुंबते?”

कारण पित्तनलिकेच्या तोंडाशी एक दार असतं, स्नायूचं कडं. ते आतड्यातले जंतू वर चढू देत नाही, म्हणून निरोगी पित्त जवळजवळ निर्जंतुक असतं. स्टेंट हे दार कायम उघडं ठेवतो. जंतू वर येतात आणि प्लास्टिकवर बुळबुळीत थर धरतात. न घासलेल्या माठाच्या आत धरतो तसा. त्यांचं एक विकर पित्तातल्या बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याची जोडणी तोडतं, सुटं बिलिरुबिन कॅल्शियमला चिकटतं आणि गाळ बसतो. नेहमीच्या जाड प्लास्टिक स्टेंटचा बाहेरचा व्यास ३.३ मिलिमीटर, आतली पोकळी त्याहून कमी. शिवाय नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो : पोकळीची रुंदी निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. नळीला लेप देऊन पाहिले, प्रतिजैविकं देऊन पाहिली. भरवशाचा फरक पडला नाही. म्हणून तीन महिने हा हिशेब.

धातूचा जाळीदार स्टेंट आत फुलून आठ-दहा मिलिमीटर होतो आणि जास्त टिकतो. मग तोच का नाही सगळ्यांना? उघड्या जाळीत मांस वाढतं आणि मग ती काढता येत नाही. त्यामुळे कर्करोग नसलेल्या रुग्णाला घालायचाच तर पूर्ण आवरण असलेला. तो कधीकधी जागचा सरकतो.

सर्वांत वाईट म्हणजे विसरलेला स्टेंट. कावीळ उतरली, खाज थांबली, पेरणी आली किंवा पोरीचं लग्न आलं, आणि तारीख निघून गेली. वर्षभराने थंडी वाजून ताप येतो, तेव्हा स्टेंटभोवती खडा जमलेला असतो. स्टेंट असलेल्या माणसाला हुडहुडी भरून ताप आला, तर तो ‘व्हायरल’ धरून घरी बसू नये. नलिकेतला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो.

प्रत्येक ईआरसीपीची किंमतही असते. सर्वांत नेहमीची म्हणजे स्वादुपिंडाला सूज. २०१२मध्ये अमेरिकेत ६०२ जणांवर, बहुतेक जास्त धोक्याच्या रुग्णांवर, झालेल्या चाचणीत गुदमार्गे दिलेल्या इंडोमेथासिन या वेदनाशामकाने हे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२वर आलं. इतका साधा उपाय. नुसतं पाहायचंच असेल तर आता एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, पुरतो, त्यात आत काही घालावं लागत नाही.

काकूंची तिसरी नळी तुंबली तेव्हा मी त्यांना विचारलं, डॉक्टर म्हणतात तरी काय, हे किती वेळा? त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या मते मोठ्या केंद्रात जायची वेळ तीच : नळी बदलते आहे, पण पुढचा बेत कुणी सांगत नाही. आठवड्याला अनेक ईआरसीपी करणाऱ्या हातांना यश जास्त, गुंतागुंत कमी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुर्बीणवाला डॉक्टर, यकृत-पित्तमार्गाचा सर्जन आणि त्वचेतून यकृतात नळी घालू शकणारा रेडिओलॉजिस्ट एकाच छताखाली असणं. जाताना नुसता रिपोर्ट नको, स्कॅनची सीडी हवी आणि प्रत्येक स्टेंटचा प्रकार, संख्या, तारीख. विचारायचं ते असं : नळी अरुंद का झाली? कर्करोग नाही याची खात्री केली का? किती वेळा बदलायचं आणि कधी थांबायचं?

तिथे काकूंना बेत मिळाला. एकाऐवजी शेजारी-शेजारी दोन, मग तीन, मग चार स्टेंट. दर तीन महिन्यांनी वाढवत, वर्षभर, म्हणजे आवळलेला व्रण सावकाश ताणला जातो. नाहीच जमलं तर सर्जन लहान आतड्याचा पट्टा वर आणून थेट नलिकेला जोडणार, हेही आधीच सांगितलं. शस्त्रक्रियेची भीती वाटणारच, पण ती शेवटचा उपाय असते असं नाही. काही जखमांत तोच पहिला आणि चांगला उपाय असतो.

गेल्या श्रावणात त्यांचे सगळे स्टेंट काढले. नळी पुन्हा आवळू शकते, म्हणून यकृताची रक्ततपासणी चालूच आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, काकूंनी तिची तारीख लाल पेनने लिहिली आहे. त्या तपासणीतला अल्कलाइन फॉस्फटेज हा शब्द त्या आता माझ्याहून स्पष्ट उच्चारतात.