भाजलेला काजू बाधत नाही?

"भाजला, तुपात परतला, की काजू बाधत नाही." शिगम्याला भांगेची थंडाई घोटताना फोंड्याकडे कुणीतरी हे म्हणतोच. साफ चूक. ॲलर्जी काजूतल्या प्रथिनांची, आणि ती भाजल्यावरही बऱ्याच अंशी टिकतात. पिस्ता तर काजूचाच भाऊबंद. तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. त्याच पाट्यावर आधी काजू वाटलेला असेल, तर "तुझा पेला वेगळा काढलाय" याला काही अर्थ नाही.

खरा घोळ पुढेच. ओठ सुजतात, घसा आवळतो आणि सगळे हसतात, "चढली रे!" प्यायलेली भांग चढायला साधारण अर्धा ते दोन तास लागतात; ॲलर्जी बहुतेकदा काही मिनिटांतच गाठते. अशा वेळी लिंबू चाटवत बसू नका, १०८ फिरवा.