कॅम्पर खाली उतरवायचा की गाडीवरच राहू द्यायचा?

कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारी राहायची खोली, ताब्यात घेताना प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, आणि मांडूला पोचल्यावर फोन करून पुन्हा विचारतो. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. पानं गाडीच्या डॅशबोर्डात ठेवा.

एक-दोन रात्रींचा मुक्काम असेल तर उतरवू नका. झोपायचं, सकाळी चहा करायचा आणि निघायचं, एवढ्यासाठी चार कोपऱ्यांचे चार जॅक, कॅम्पर गाडीला आवळून धरणारे चार टर्नबकल आणि गाडीतून कॅम्परला वीज देणाऱ्या सात पिनांच्या वायरशी झटापट कशाला? सरावलेल्या माणसाला उतरवायला वीस मिनिटं आणि परत चढवायला अर्धा तास लागतो. नव्या माणसाला दुप्पट, आणि मागे उभी असलेली घरची मंडळी एकाच वेळी "उजवीकडे!" आणि "अहो, डावीकडे!" ओरडत असतील तर तिप्पट.

तीन रात्री किंवा त्याहून जास्त राहायचं असेल आणि रोज गाडी लागणार असेल, तर मात्र उतरवा. मांडूतच बघा: जहाज महाल एका टोकाला, रूपमती मंडप दुसऱ्या टोकाला. दिवसभर खोली पाठीवर घेऊन फिरण्यात डिझेल जातं आणि झाडांच्या फांद्या छताला घासतात. महेश्वरला गाडी लागणार असेल ती एकाच दिवसासाठी, तर ऑटो करा. धंदा आमचा असला तरी हे सांगतो, कारण घाटाकडच्या गल्ल्यांत अडकलेली गाडी मागे घेताना आरसे कोणाचे फुटतात ते आम्हाला माहीत आहे.

आता ज्या एका चुकीपायी आमचे आणि तुमचे सगळ्यात जास्त दिवस वाया जातात, तिच्याबद्दल. बरेच जण जॅक फिरवून कॅम्पर हौद्यातून वर उचलतात, गाडी पुढे काढतात आणि थांबतात. फरशी छातीपर्यंत, पाय लांबच लांब बाहेर. "परवा पुन्हा चढवायचाच आहे, खाली कशाला आणा?" हा उतरवलेला कॅम्पर नव्हे, हा बांबूंवरचा मचाण. जॅकचा पाय सरळ वरून येणारं वजन पेलायला बनवलेला असतो, बाजूने बसणारा धक्का त्याला झेपत नाही. पाय जॅकच्या नळीतून जितका बाहेर, तितका तो धक्का त्याला जड. आत कोणी कूस बदलली तरी डोलतं, आणि हनुवंतियाला धरणाच्या पाण्यावरून वारा सुटला की विचारूच नका. गाडी निघाली की लगेच चारही जॅक उतरवून फरशी गुडघ्याच्या उंचीला आणा. आजींनाही चढायला सोपं पडतं.

त्यात आपली माळव्याची काळी माती. गेल्या पावसाळ्यात एका कुटुंबाने ओळखीच्यांच्या शेतावर कॅम्पर असाच उंच ठेवला. माती वरून पापडासारखी वाळलेली, खाली लोणी. रात्री सर आली, मागचा डावा पाय वीतभर रुतला आणि सगळा भार एका कोपऱ्यावर आला. माणसं वेळेत बाहेर पडली, भांडी मात्र सगळी एका भिंतीशी. आमचा मिस्त्री पहाटे पोचला तेव्हा पाय धनुष्यासारखा वाकलेला होता. तसा पाय तेव्हा आमच्याकडे शिल्लक नव्हता, मागवून येईपर्यंत अठरा दिवस गेले. आता दोन जादा ठेवतो, पण ते वापरायची वेळ येऊ नये.

म्हणून प्रत्येक पायाखाली फूटभर चौरस, जाड प्लायचा गुटका हवाच. चार गुटक्यांचा संच आमच्याकडे मिळतो. ओळखीच्या सुताराकडून कापून घेतलात तरी आमची हरकत नाही, फक्त विटा लावू नका, वीट फुटते. उतारावर किंवा नांगरलेल्या जमिनीवर उतरवूच नका. उचलताना एक कोपरा पूर्ण वर नेऊन मग दुसरा असं करायचं नाही; पुढचे दोन थोडे, मागचे दोन थोडे, आणि पुढची बाजू सतत किंचित वर. त्या वेळी आत कोणीही नको, झोपलेलं मूलसुद्धा नको.

चढवताना वेळ जातो तो गाडी नेमकी मधोमध मागे घेण्यात. यावर आमच्या मिस्त्रीची युक्ती: टर्नबकल आणि वायर काढल्यावर, गाडी हलवण्याआधी दोन्ही बाजूंच्या टायरांच्या कडेने चुन्याची रेघ मारा. मग गाडी सरळ पुढे काढा, पुढचे जॅक पूर्ण मागे पडेपर्यंत स्टिअरिंग वळवू नका. त्यासाठी पुढे दोन गाड्यांइतकी मोकळी, सरळ जागा आधीच बघून ठेवा. परत येताना त्याच रेघांवर मागे या. चुना नसेल तर रांगोळी चालते, पाऊस असेल तर दोरी टाका. वायर काढायची विसरून गाडी पुढे घेतलेले तिघे जण या वर्षी झाले. सॉकेट बदलून दिला, नावं सांगत नाही.

आणखी एक: उतरवलेल्या कॅम्परची बॅटरी गाडीच्या इंजिनावर चार्ज होत नाही. फ्रिज आणि पंखा दोन्ही चालू ठेवायचे तर मुक्कामाच्या ठिकाणी प्लग आहे का ते आधी विचारा, नाहीतर छतावरचं सोलर पॅनल लावून घ्या. ते आम्ही बसवून देतो. विजेवरचे जॅकही याच बॅटरीवर चालतात, तेव्हा हातानं फिरवायचा दांडा घरी ठेवून येऊ नका.

जॅकसाठी वेगळी अनामत घेतो म्हणून काही जण नाराज होतात. पाय सरळ परत आले की ती पूर्ण मिळते, आणि आजवर बहुतेकांना मिळाली आहे. तासाभराचा सराव केल्याशिवाय उतरवायची परवानगी देत नाही, हेही काहींना जाचक वाटतं. सराव रविवारी सकाळी सांवेर रोडच्या आमच्या आवारात असतो, फुकट. पोहे आमच्याकडून. गाडी चालवणाऱ्याबरोबर मागे उभं राहून "उजवीकडे" ओरडणाऱ्यालाही घेऊन या, खरी तालीम त्यालाच लागते.